‘स्थानिक भागीदार’ म्हणून सही करावी का?

पाणवठा
नमस्कार मंडळी. सहा-सात वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

आमची संस्था छोटी, अकरा जणांची. पूर आला की माणसं बाहेर काढणं, निवारे चालवणं, पाणी ओसरल्यावर घरदुरुस्ती, वाहून गेलेली कागदपत्रं पुन्हा काढून देणं. चौदा वर्षं हेच करतोय. मागच्या महिन्यात एका मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा मेल आला. त्यांना दोन वर्षांचा प्रकल्प मिळतोय आणि त्यात आम्ही ‘स्थानिक भागीदार’ म्हणून हवे आहोत.

आनंद झाला, खोटं कशाला सांगू. मग ४२ पानांचा करार वाचायला बसले. गावं त्यांनी आधीच निवडलेली आहेत. कोणत्या घराला काय द्यायचं तेही ठरलंय. आम्ही याद्या करायच्या, वाटप करायचं, फोटो काढायचे, दर महिन्याला अहवाल द्यायचा. कार्यालयाचं भाडं, हिशेब ठेवणाऱ्या मुलीचा पगार, कार्यकर्त्यांचा विमा यांना कुठेच जागा नाही. आणि पान ३१ वर एक कलम आहे: दात्याने एखादा खर्च नामंजूर केला तर ती रक्कम आम्ही परत करायची.

बैठकीत दोन तट पडले. एक गट म्हणतो, दोन वर्षांचे पगार सुटतील, सोडू नका. दुसरा म्हणतो, आपण चौदा वर्षांत जे कमावलं ते दुसऱ्याच्या अहवालात जाईल. उत्तर द्यायला दहा दिवस आहेत.

‘सत्ता स्थानिकांकडे’ हे गेली कित्येक वर्षं परिषदांमधून ऐकतोय. कुठे खरंच गेली का? आणि तुम्ही माझ्या जागी असतात तर सही केली असती का?

हिशेबनीस
पान ३१ बदलून घेतल्याशिवाय सही करू नका. बाकीचं रात्री सविस्तर लिहितो.

जुना वाटाड्या
ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत देतो.

मे २०१६ मध्ये इस्तंबूलला जागतिक मानवतावादी शिखर परिषद झाली. तिथे मोठे दाते, संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्था यांच्यात ‘ग्रँड बार्गेन’ नावाचा करार झाला. वचन असं की २०२० पर्यंत मानवतावादी निधीतला किमान २५ टक्के वाटा स्थानिक आणि राष्ट्रीय संस्थांना ‘शक्य तितक्या थेट’ द्यायचा. हे तीन शब्द नीट वाचा. पुढे व्याख्या ठरवताना मधे एक मध्यस्थ असला तरी तो निधी मोजणीत धरायचं ठरलं. एवढी सूट घेऊनही मुदत उलटून गेली, आणि २०२२ चा हिशेब लागला तेव्हा खरोखर थेट पोचलेला पैसा १.२ टक्क्यांच्या आसपास होता.

अमेरिकी सरकारची परदेशी मदत देणारी संस्था यूएसएड, तिनेही नोव्हेंबर २०२१ मध्ये चार वर्षांत २५ टक्के निधी थेट स्थानिकांना देण्याचं जाहीर केलं. २०२२ च्या आर्थिक वर्षात ते १०.२ टक्क्यांपर्यंत गेले, पुढच्या वर्षी ९.६ वर घसरले. जुलै २०२५ मध्ये ती संस्थाच गुंडाळून तिचं उरलेलं काम परराष्ट्र खात्याकडे गेलं.

म्हणून विचाराल तर, कागदावर गेली, बँकेच्या खात्यावर फारशी नाही.

कंदील
मी अशाच एका मोठ्या संस्थेत भागीदारी विभागात आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. राग आला तरी वाचा.

दात्याच्या देशातल्या कार्यालयात एका अधिकाऱ्याकडे अख्ख्या प्रदेशाच्या फायली असतात. त्याला दोनशे छोटे करार करणं जमत नाही, म्हणून तो दोन मोठे करतो. त्याच्यामागे त्याच्या संसदेचे लेखापरीक्षक असतात, दहशतवादविरोधी कायदे असतात. पैसा चुकीच्या हाती गेला तर नोकरी त्याची जाते. तो जोखीम आमच्यावर ढकलतो आणि आम्ही ती खाली ढकलतो. तुमचं पान ३१ तिथून आलंय, कुणाच्या दुष्टपणातून आलेलं नाही.

आणि गैरव्यवहार होतात हो. मी स्वतः तीन फायली अशा पाहिल्यात की एकाच हस्ताक्षरात चाळीस पावत्या.

बाभूळ
कंदील, गैरव्यवहार मोठ्या संस्थांतही होतात, तेव्हा कुणी ‘आंतरराष्ट्रीय संस्थांची क्षमता कमी आहे’ असं म्हणत नाही.

पण धाग्याच्या मूळ प्रश्नावर येते. सत्ता खरंच स्थानिकांकडे गेलेली बघायची असेल तर सुदानकडे बघा. एप्रिल २०२३ मध्ये युद्ध पेटलं आणि खार्टूममधून बहुतेक आंतरराष्ट्रीय कर्मचारी बाहेर पडले. मागे राहिलेल्या पोरापोरींनी मोहल्ल्या-मोहल्ल्यात ‘इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स’ उभ्या केल्या. हे आकाशातून पडलं नव्हतं. २०१८-१९ च्या जनआंदोलनात ज्या वस्तीपातळीवरच्या प्रतिकार समित्या होत्या, त्यांचीच ही माणसं. कोणत्या गल्लीत कोण आजारी आहे, कुणाकडे विहीर आहे, कुणाकडे गाडी आहे, हे त्यांना पाठ. सामुदायिक स्वयंपाकघरं, दवाखाने, पाण्याची दुरुस्ती, गोळीबारातून लोकांना बाहेर काढणं, सगळं चालवलं.

पैसा कसा यायचा? परदेशातले नातलग आणि नंतर काही दाते ‘बंकक’ नावाच्या बँकिंग ॲपवरून पाठवायचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशभर इंटरनेट बंद पडलं आणि पैसा न आल्यामुळे कितीतरी स्वयंपाकघरं थांबली. पुढे २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेचा निधी गोठला तेव्हा हजारावर स्वयंपाकघरं बंद झाली. त्याच वर्षी या गटांना ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्कार मिळाला.

पाणवठाताई, म्हणून माझं उत्तर थोडं अवघड आहे. निर्णय त्यांच्या हातात होता, म्हणून काम उभं राहिलं. पण पैशाची तोटी दुसऱ्याच्या हातात होती, म्हणून ते एका आठवड्यात बंदही पडू शकलं.

सांजवेळ
बाभूळ, या स्वयंसेवकांना दोन्ही बाजूंच्या सैनिकांनी अटका केल्या, मारहाण केली, काहींचा जीव गेला, हेही लिहायला हवं. दरवर्षी जगात जे मदत-कर्मचारी मारले जातात त्यांत बहुसंख्य त्याच देशातले असतात. बाहेरच्या माणसाला हेलिकॉप्टर येतं. इथल्याला नेणार कुठे? त्याचं घर तिथेच असतं.

ताई, करारात विम्याची ओळ नाही असं तुम्ही ओघात लिहून गेलात. मला ती सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

पाणवठा
सांजवेळ, खरं आहे. दोन वर्षांपूर्वी आमचा एक कार्यकर्ता बोटीतून घसरला, पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. त्याच्या दवाखान्यासाठी आम्ही सगळ्यांनी एकेक पगार काढला. त्या वेळी ज्यांच्या प्रकल्पावर तो काम करत होता त्यांनी फुलं पाठवली आणि अपघाताचा अहवाल तीन प्रतींत मागवला. मी ती फुलं अजून विसरलेले नाही.

पाऊलवाट
😔 ताई, हे वाचून काय लिहावं सुचेना.

हिशेबनीस
आता सविस्तर. मी वीस वर्षं स्वयंसेवी संस्थांचे हिशेब तपासतोय, दोन्हीकडचे.

दाता एक रक्कम देतो. मुख्यालय तिच्यातून ‘अप्रत्यक्ष खर्च’ म्हणून टक्केवारी घेतं. त्यावर देशातल्या कार्यालयाचे पगार, गाड्या, सुरक्षा. मग उरतं ते तुमच्याकडे ‘उप-अनुदान’ म्हणून येतं आणि तुम्हाला सांगितलं जातं की यातली प्रत्येक पै लोकांपर्यंत गेली पाहिजे. वरच्यांना भाडं लागतं, वीज लागते, लेखापाल लागतो, फक्त खालच्यांना काहीच लागत नाही, असं हे अंदाजपत्रक म्हणतं. मग तुम्ही काय करता? हिशेबाच्या मुलीला ‘क्षेत्र समन्वयक’ दाखवता आणि तिचा अर्धा पगार तिथे टाकता. पुढच्या वर्षी ऑडिटर येतो, टाइमशीट मागतो आणि ती रक्कम नामंजूर करतो. इथे पान ३१ लागू होतं. मी स्वतः एका संस्थेला असं बंद पडताना पाहिलंय. एक कवडीही कुणी खाल्ली नव्हती.

तेव्हा ओव्हरहेड, म्हणजे हाच ‘अप्रत्यक्ष खर्च’, मागताना लाजू नका. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि मोठ्या स्वयंसेवी संस्था यांच्या समन्वयासाठी जी आंतरसंस्था स्थायी समिती आहे, तिने २०२२ मध्ये मार्गदर्शिकाच काढली आहे की स्थानिक भागीदारांना ओव्हरहेड दिला जावा. त्याच वर्षी ‘शेअर ट्रस्ट’ नावाच्या संस्थेने हिशेब मांडला होता की मध्यस्थ म्हणून आंतरराष्ट्रीय संस्थेऐवजी स्थानिक संस्था असेल तर तेच काम ३२ टक्के अधिक किफायतशीर होतं, मुख्यतः पगार आणि ओव्हरहेडमधल्या फरकामुळे.

पण या ३२ टक्क्यांवर माझा एक आक्षेप आहे. ही बचत तुमच्या माणसांच्या कमी पगारातून येत असेल तर तिचं कौतुक करू नये. स्थानिक संस्था स्वस्त पडतात म्हणून नको, काम त्यांचं आहे म्हणून पैसा द्या.

दवबिंदू
हिशेबनीस यांच्या शेवटच्या परिच्छेदाला +१००.

उंबरा
मी जरा प्रवाहाविरुद्ध बोलते. ‘स्थानिक’ म्हणजे कोण, हे कुणी विचारलंच नाही.

राजधानीत काचेचं कार्यालय असलेली, इंग्रजीत झकास प्रस्ताव लिहिणारी संस्था स्थानिक? की एखाद्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याच देशात नोंदणी केलेली, तेच नाव आणि तोच लोगो वापरणारी शाखा स्थानिक? मोजणीत अशा शाखा धरायच्या की नाही यावरून वर्षानुवर्षं वाद चाललाय. आणि गावातल्या समितीत तीन घराण्यांचेच लोक असतील तर निर्णय गावात झाला म्हणून तो न्याय्य होतो का? मी एका निवाऱ्याच्या समितीत होते. बायकांच्या संडासांना आतून कडी नव्हती. सात पुरुषांच्या बैठकीत हा विषय चार वेळा ‘पुढच्या बैठकीत’ गेला. शेवटी बाहेरून आलेल्या एका निरीक्षक बाईंनी अहवालात लिहिलं तेव्हा दुसऱ्या दिवशी कड्या बसल्या.

बाहेरच्या डोळ्यांचा उपयोग असतो. तो पुसून टाकू नका एवढंच.

बाभूळ
उंबरा, अगदी मान्य. सुदानमध्येही बायकांनी स्वतःच्या वेगळ्या ‘रूम्स’ काढल्या, त्याचं कारण हेच होतं.

जुना वाटाड्या
उंबरा, तुमचा मुद्दा रास्त आहे, पण बाहेरच्या डोळ्यांनी स्थानिकांकडे न बघितल्याची किंमतही मोठी आहे. १२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला. मदतीच्या समन्वयाच्या बैठका पोर्ट-ओ-प्रिन्सच्या विमानतळाजवळ संयुक्त राष्ट्रांच्या तळावर व्हायच्या. आत जायला पास लागे, आणि बैठकांची भाषा मुख्यतः इंग्रजी. देश क्रेओल आणि फ्रेंच बोलणारा. ज्यांनी हातांनी ढिगारे उपसले ते फाटकाबाहेर, आणि आत त्यांच्याच शहराचे नकाशे रंगवणं चालू. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॉलरा आला. शांतिसैनिकांच्या छावणीतलं सांडपाणी नदीत गेल्यामुळे तो पसरला. नदीकाठचे लोक पहिल्यापासून तेच सांगत होते. जवळपास १० हजार माणसं गेली, आणि संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी माफी मागितली ती डिसेंबर २०१६ मध्ये.

उलट उदाहरणही देतो. पश्चिम आफ्रिकेत २०१४ मध्ये इबोला पसरला तेव्हा मृतदेहांना हात न लावण्याची सक्ती झाली, तर लोक मृतदेह लपवायला लागले. मग धर्मगुरू आणि कुटुंबं यांच्याशी बोलून पद्धत बदलली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ‘सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफन’ असे नवे नियम काढले. प्रार्थना होऊ लागली, घरच्यांना लांबून का होईना, पण बघता येऊ लागलं. संसर्गाचं शास्त्र बाहेरच्यांचं होतं. निरोप कसा द्यायचा ते गावाला माहीत होतं. दोन्ही लागलं.

सांजवेळ
६ फेब्रुवारी २०२३ चा तुर्कस्तान-सीरियाचा भूकंप घ्या. वायव्य सीरियात ‘व्हाइट हेल्मेट्स’चे स्थानिक स्वयंसेवक पहिल्या तासापासून खणत होते आणि अवजड यंत्रं मागत होते. सीमेपलीकडून संयुक्त राष्ट्रांचा पहिला ताफा ९ तारखेला आला, त्यातही ढिगारे उपसायची यंत्रं नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या मदतप्रमुखांनी नंतर कबूल केलं की वायव्य सीरियातल्या लोकांच्या बाबतीत आपण कमी पडलो.

पाऊलवाट
थोडं अवांतर. ‘क्षमता बांधणी’ या शब्दाबद्दल कुणीतरी बोला. खरेदी प्रक्रियेचं प्रशिक्षण मी चार वेगवेगळ्या संस्थांकडून चार वेळा घेतलंय. तीन कोटेशनं घ्या, तुलनात्मक तक्ता करा, समितीच्या सह्या घ्या. चारही वेळा तेच. मला पूर आल्यावर पहाटे तीनला बोट कुणाकडून मिळते ते माहीत आहे. ते प्रशिक्षण मी कुणाला देऊ, असं एकदा विचारलं होतं. शिकवणाऱ्या मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी वही काढली आणि खरंच लिहून घेतलं.

दवबिंदू
आणि क्षमता बांधून झाली की माणूस पळवतात! आमचा कार्यक्रम व्यवस्थापक आणीबाणीच्या तिसऱ्या आठवड्यात अडीचपट पगारावर एका मोठ्या संस्थेत गेला. त्याचा काय दोष? दोन लेकरं आहेत. पण आमचं काम दोन महिने लंगडत चाललं.

कंदील
दवबिंदू, यावर एक उपयोगाची गोष्ट सांगतो. २०१५ मध्ये ‘चार्टर फॉर चेंज’ नावाची सनद निघाली, बऱ्याच आंतरराष्ट्रीय संस्थांनी सही केली आहे. त्यात एक मुद्दा असा आहे की आणीबाणीत स्थानिक संस्थेचा माणूस घेतला तर तिला भरपाई द्यावी, उदाहरणार्थ पहिल्या सहा महिन्यांच्या पगाराच्या १० टक्के. तुमच्या भागीदाराने सही केली असेल तर हे हक्काने मागा. मी आमच्या कार्यालयात दोनदा हा मुद्दा काढला. दुसऱ्यांदा मान्य झाला.

आणि पाणवठाताई, आता आतल्या माणसाचा सल्ला. त्यांच्याकडे दात्याबरोबरचा मुख्य करार असतो. त्याची प्रत मागा, निदान अंदाजपत्रकाचा भाग तरी. त्यात अप्रत्यक्ष खर्चाची टक्केवारी लिहिलेली असते. ती दिसली की तुमची बाजू आपोआप बळकट होते. ‘स्थानिक भागीदार’ दाखवल्याशिवाय आजकाल असे प्रस्ताव मंजूर होत नाहीत. त्यांना तुमची गरज आहे, तुम्हाला त्यांची आहे तितकीच.

उंबरा
कंदील, हे तुम्ही इथे लिहिलंत याबद्दल मनापासून धन्यवाद.

हिशेबनीस
एक कायद्याची बाब. देशागणिक नियम वेगळे असतात, ते आधी बघा. भारतात २०२० च्या परकीय योगदान कायद्यातल्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी घेतलेल्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० वरून २० टक्क्यांवर आणली आहे. मोठ्या संस्थेकडून छोट्या संस्थेकडे पैसा जाण्याची वाटच तिथे बंद झाली. सत्ता कुणाकडे हा प्रश्न दाता आणि संस्था यांच्यापुरता राहत नाही, सरकारही त्यात असतं.

पाणवठा
आठ दिवसांनी येतेय. सगळे प्रतिसाद छापून बैठकीत वाचले. विरोधातल्या आमच्या सगळ्यात ज्येष्ठ सहकाऱ्यांनी उंबराताईंचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला आणि म्हणाले, आपल्या निवाऱ्यांना कड्या आहेत का ते आधी बघू. दोन ठिकाणी नव्हत्या. बसवल्या.

मग कंदील यांनी सांगितल्याप्रमाणे मुख्य कराराचं अंदाजपत्रक मागितलं. तीन दिवस उत्तर नाही. चौथ्या दिवशी आलं. त्यांना ७ टक्के अप्रत्यक्ष खर्च मंजूर आहे. आम्ही लिहिलं की आमच्या हिश्श्यावरचे ७ टक्के आमच्याकडे यावेत, अकरा जणांचा विमा वेगळ्या ओळीत यावा, गावांची निवड आमच्या पूरनोंदी समोर ठेवून एकत्र व्हावी, आणि पान ३१ बदलावं.

विमा लगेच मान्य. ओव्हरहेड ५ टक्क्यांवर अडलाय. गावांबद्दल म्हणाले, निम्मी तुम्ही सुचवा. त्यांच्या यादीत नदीच्या उजव्या काठाची एकही वस्ती नव्हती, कारण तिथे रस्ता नाही आणि त्यांची पाहणी गाडीतून झाली होती. हे मी नकाशावर बोट ठेवून दाखवलं तेव्हा त्यांच्या समन्वयकाने मान हलवली आणि लगेच वहीत लिहून घेतलं. पान ३१ त्यांच्या कायदा विभागाकडे आहे.

हिशेबनीस
५ वर थांबू नका. पान ३१ साठी तुम्ही काय शब्द दिलेत? इथे टाका, बघून सांगतो.

पाणवठा
हे दिलंय:

‘मंजूर अंदाजपत्रकानुसार आणि मुख्य संस्थेच्या लेखी संमतीने झालेला खर्च दात्याने पुढे नामंजूर केल्यास त्याची भरपाई मुख्य संस्था करील. स्थानिक संस्थेकडून वसुली फक्त तिच्याकडून लबाडी अथवा गंभीर निष्काळजीपणा झाल्याचे दोन्ही पक्षांनी मान्य केलेल्या लेखापरीक्षकाने सिद्ध केल्यासच होईल.’

हिशेबनीस
उत्तम. फक्त ‘लेखी संमतीने’च्या पुढे ‘ईमेलसह’ घाला. पुरात कागदावर सही कोण आणणार. आणि त्यांनी संमतीचं उत्तर पाच दिवसांत द्यावं हेही जोडा.

पाणवठा
घातलं. उद्या अकरा वाजता त्यांच्या कायदा विभागाबरोबर फोन आहे.